सोळातून चार गेले

पुढच्या महिन्यात सांगलीला जायचंय. बॅगा भरायला काढल्या की वहिनीचा फोन येतो, हा आमच्याकडचा जुना रिवाज. यावेळची यादी अगदीच छोटी होती. नातवासाठी रंगीत पेन्सिली, तिच्या गुडघ्याला लावायचं ते मलम, आणि शेवटी, "दादाचं ते पीनट बटर. इथे आता कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतं गं, पण तुझं ते कमी फॅटवालं नाही मिळत. तेच आण. तूच म्हणाली होतीस."

तूच म्हणाली होतीस!

म्हणाले होते खरी. १९९६ साली. त्याच्या आदल्या वर्षी दादाची अँजिओप्लास्टी झाली होती आणि मी अमेरिकेहून ज्ञान घेऊन आले होते. वहिनीच्या स्वयंपाकघरात उभी राहून मी तिला सांगितलं की वांग्याच्या भाजीत दाण्याचं कूट घालणं बंद कर, भाकरीबरोबरची चटणी बंद कर, दाण्यात निम्मं तेल असतं. आणि मग बॅगेतून एक बरणी काढून ओट्यावर ठेवली. रिड्यूस्ड फॅट पीनट बटर. खायचेच असतील दाणे तर असे खा! वहिनीने ती बरणी देवाजवळ ठेवायची तेवढी बाकी ठेवली. दर खेपेला मी दोन नेत आले. दादाला ते आवडलंही. (का आवडलं ते पुढे येईलच.) २००४ पासून दादाला मधुमेह आहे.

आता लगेच गैरसमज नको. रोजच्या दोन चमच्यांनी कोणाला मधुमेह होत नाही. आमच्या घराण्यात तो आधीपासून मुक्कामाला आहे, आईला होता, दोन्ही काकांना होता. पण "तूच म्हणाली होतीस" हे वाक्य काही डोक्यातून जाईना. म्हणून शनिवारी दुकानात गेले ती त्या कपाटासमोर चष्मा लावून उभीच राहिले. सोबत लहान मुलं असलेल्या दोन बायका माझ्या ट्रॉलीला वळसा घालून गेल्या. मग घरी येऊन वाचत बसले. मंडळी, एका साध्या बरणीमागे एवढं महाभारत असेल असं वाटलं नव्हतं.

आधी बरण्यांचा हिशोब मांडते.

नॅचरल म्हणतात त्या बरणीवर घटक दोन: शेंगदाणे, मीठ. दोन मोठे चमचे म्हणजे ३२ ग्रॅम. त्यात १९० कॅलरी, १६ ग्रॅम स्निग्धांश, ७-८ ग्रॅम प्रथिनं, ७ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं.

रिड्यूस्ड फॅटच्या बरणीवर दोन मोठे चमचे म्हणजे ३६ ग्रॅम (हे घट्ट आणि जड असतं). स्निग्धांश १२ ग्रॅम, प्रथिनं जवळपास तेवढीच, कर्बोदकं १५ ग्रॅम. आणि कॅलरी? १९०.

मी दोनदा वाचलं. एकशे नव्वद. चमच्याला चमचा लावला तर कॅलरीत काडीचा फरक नाही. सोळातून चार गेले आणि राहिले सोळाच, अशातली गत. बिरबलाच्या सत्तावीसातून नऊ गेल्यावर बाकी शून्य उरलं होतं, इथे नेमकं उलटं!

मग घटकांची यादी. शेंगदाणे, कॉर्न सिरप सॉलिड्स (म्हणजे मक्याच्या स्टार्चपासून केलेल्या पाकाची पावडर), साखर, वाटाण्याचं प्रथिन, हायड्रोजनेटेड तेल, मीठ, आणि त्यापुढे मॅग्नेशियम, झिंक, नायसिन, फॉलिक ॲसिड, बी-६ अशी एखाद्या टॉनिकवर शोभेल अशी रांग. आणि बरणीवर 'पीनट बटर' नंतर बारीक अक्षरात एक शब्द, जो मी इतक्या वर्षांत कधी वाचलाच नव्हता. 'स्प्रेड'. खाली आणखी बारीक अक्षरात, ६० टक्के शेंगदाणे.

इथे माझी ट्यूब पेटली. मी इतकी वर्षं समजत होते की कारखान्यात दाण्यातलं थोडं तेल काढून घेत असतील, आपल्याकडे घाण्यावर काढतात तसं, आणि उरलेल्याचं हे लोणी करत असतील. तसं काही नाहीये. गणित करून बघा. दाण्यात निम्मं तेल. ३६ ग्रॅमचे ६० टक्के म्हणजे साडेएकवीस ग्रॅम दाणे, त्यात पावणेअकरा ग्रॅम तेल, वर थोडं हायड्रोजनेटेड तेल, झाले १२. बरणीतून फॅट काढलेलं नाही. दाणे काढलेत. त्या जागी पाकाची पावडर भरली आहे.

खरोखर तेल काढलेल्या दाण्याचा प्रयोग आपल्याकडेच झाला होता, तेही जाता जाता सांगते. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या संस्थेने कुपोषित मुलांसाठी एक पीठ तयार केलं होतं, मल्टिपर्पज फूड नावाचं. तीन भाग शेंगदाण्याच्या खाण्याजोग्या पेंडीचं पीठ, एक भाग हरभऱ्याचं. तिथे तेल आधीच गाळून विकलेलं, आणि पेंडीतलं स्वस्त प्रथिन गरिबाच्या पोटात जावं हा हेतू. त्या पिठात दाण्याचा दाणेपणा होता. असो.

आता हे 'स्प्रेड' प्रकरण काय आहे ते कळायला थोडं मागे जावं लागतं.

पीनट बटर कोणी शोधलं हा प्रश्न अमेरिकेत शाळेतल्या मुलाला विचारला तर तो बहुधा जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर म्हणेल. ते खरं नाही. कार्व्हर फार मोठा माणूस, गुलामीत जन्मलेला, पुढे टस्कीगीला शेतकी शिकवणारा. त्याने १९१६ साली शेंगदाण्याच्या १०५ पाककृतींची पुस्तिका काढली. पण तोवर पीनट बटर दुकानात येऊन बरीच वर्षं झाली होती. पहिलं पेटंट १८८४ चं, माँट्रियलच्या मार्सेलस एडसनचं. त्याने तापलेल्या पाट्यांमध्ये भाजके दाणे दळून पातळ लगदा केला, आणि तो घट्ट व्हावा म्हणून त्यात साखर घातली. म्हणजे साखरेची आणि याची सोयरीक पहिल्या दिवसापासूनची!

पण ज्याच्यामुळे हे अन्न म्हणून रुजलं तो मिशिगनमधल्या बॅटल क्रीकचा डॉ. जॉन हार्वे केलॉग. हो, तोच, कॉर्नफ्लेक्सवाला. हा सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचा. या पंथात शाकाहाराला मोठा मान. केलॉगच्या सॅनिटेरियममध्ये श्रीमंत, अपचनाने गांजलेले लोक येत, आणि त्यांना तो मांसाऐवजी काय काय खाऊ घाले. दात गेलेल्या, पचन बिघडलेल्या माणसालाही दाण्यातलं पोषण मिळावं म्हणून त्याने दाण्याचं लोणी केलं. १८९५ साली पेटंटसाठी अर्ज केला, १८९८ ला पेटंट मिळालं. त्याची पद्धत मात्र वेगळी होती, तो दाणे भाजत नसे, शिजवून घेई. चव कशी असेल याची कल्पना करा. भाजल्याशिवाय दाण्याला वास नाही हे सांगलीतलं शेंबडं पोरही सांगेल. पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा, की हे लोणी जन्माला आलं तेच पथ्याचं म्हणून. आजाऱ्याचं अन्न. शंभर वर्षांनी हृदयाच्या आजाऱ्याला जे वर्ज्य म्हणून मी सांगून आले, ते!

हा केलॉग आणि त्याचा पंथ गोष्टीच्या शेवटाकडे परत येणार आहेत, लक्षात ठेवा.

या लोण्याची एक खोड होती. चार दिवस ठेवलं की तेल वर आणि खाली दगड. शिवाय वर आलेलं तेल खवट होई. त्यामुळे ते लांब पाठवता येत नसे, दुकानदार पिंपातून काढून देत आणि मधूनमधून ढवळत राहत. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात जोसेफ रोझफिल्ड नावाच्या माणसाने त्यावर इलाज काढला. शेंगदाण्याच्या तेलाचा थोडा भाग हायड्रोजनेट करायचा, म्हणजे आपल्या वनस्पती तुपासारखा घट्ट करायचा, आणि परत लोण्यात मिसळायचा. तो घट्ट भाग बाकीच्या तेलाला धरून ठेवतो. झालं. तेल वर येणं बंद. बरणी कपाटात महिनोन् महिने राहू लागली. त्याने ही युक्ती आधी एका कंपनीला वापरायला दिली, तिचं पीटर पॅन हे नाव १९२८ पासूनचं. मग त्यांच्याशी बिनसल्यावर त्याने स्वतःचं स्किपी काढलं.

इथे एक कबुली. मी 'हायड्रोजनेटेड' शब्द वाचला की दचकते, तुम्हीही दचकत असाल. ट्रान्स फॅटची बदनामी योग्यच आहे. पण लोण्यात हे घट्ट तेल एक-दोन टक्केच लागतं, आणि २००१ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी ११ ब्रँड तपासले तेव्हा त्यात मोजता येईल इतकं ट्रान्स फॅट सापडलं नाही. तेव्हा साध्या, नेहमीच्या पीनट बटरवर तो आरोप टिकत नाही. उगीच का कोणावर आळ घ्या.

खरी भानगड दुसरीच झाली. लोणी एकदा स्थिर राहायला लागलं, तशी त्यात काय काय मिसळता येतं हे लोकांच्या लक्षात आलं. तेल शेंगदाण्यापेक्षा स्वस्त, साखर स्वस्त. दाणे हळूहळू कमी होऊ लागले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात अशाही बरण्या होत्या ज्यांत पाऊण भागच शेंगदाणे होते. १९५९ मध्ये एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने, ठरवलं की पीनट बटर म्हणायचं तर ९५ टक्के दाणे हवेत. कारखानदार उसळले. एफडीए मग ९० वर आलं. कारखानदार म्हणाले ८७.

आणि या तीन टक्क्यांसाठी बारा वर्षं गेली! १९६५-६६ मध्ये जाहीर सुनावण्या झाल्या, त्यांची टिपणं पावणेआठ हजार पानांच्या आसपास. मोठमोठे वकील उभे राहिले. आणि त्या वकिलांसमोर ग्राहकांच्या बाजूने रूथ डेसमंड नावाच्या एक गृहिणी. त्यांनी गृहिणींची एक संघटना काढली होती, फेडरेशन ऑफ होममेकर्स. बाई दररोज सुनावणीला जाऊन बसत आणि प्रश्न विचारत. लोक त्यांना पीनट बटरवाली आजी म्हणू लागले. मला हे फार आवडलं. आमच्या सांगलीच्या घराशेजारी एक काकू होत्या, रेशनच्या दुकानात स्वतःची वजनं घेऊन जायच्या, त्यांची आठवण झाली.

प्रकरण कोर्टात गेलं, १९७० मध्ये अपिलात एफडीए जिंकलं आणि १९७१ पासून नियम लागू झाला. पीनट बटर म्हणजे किमान ९० टक्के शेंगदाणे. बाकीच्या १० टक्क्यांत मीठ, साखर, घट्ट करायचं तेल काय ते बसवा. एकूण स्निग्धांश ५५ टक्क्यांच्या वर नको. त्यात बसत नसेल तर दुसरं नाव शोधा. आज माझ्या हातातल्या ६० टक्केवाल्या बरणीवर 'स्प्रेड' लिहिलंय ते त्या आजींच्या पुण्याईने. त्यांनी आपलं काम चोख केलं होतं. वाचायचं काम माझं होतं.

नियम झाला आणि पाच-सहा वर्षांतच वारं फिरलं. १९७७ मध्ये सिनेटर मॅकगव्हर्न यांच्या समितीने अमेरिकेसाठी आहाराची उद्दिष्टं जाहीर केली, त्यात स्निग्धांश एकूण कॅलरींच्या ३० टक्क्यांवर आणा असं होतं. हेतू वाईट नव्हता. हृदयविकाराने धडधाकट माणसं पन्नाशीत जात होती आणि संशय होता मुख्यतः मांस, लोणी, मलई यांच्यातल्या संपृक्त स्निग्धांशावर. पण हे सगळं सांगता सांगता निरोप सुटसुटीत होत गेला. आधी संपृक्त फॅट कमी करा, मग फॅट कमी करा, मग फॅट वाईट. १९९२ मध्ये तो प्रसिद्ध पिरॅमिड आला. तळाला ब्रेड, भात, पास्ता, रोज ६ ते ११ वेळा खा! टोकाला तेल, तूप आणि गोड, जपून. शेंगदाणे मांस-अंड्यांच्या गटात. म्हणजे आम्हा शाकाहाऱ्यांचं सगळं पान त्या एका गटाच्या कोपऱ्यात.

मी ते चित्र फ्रिजवर लावलं होतं. ऑफिसातल्या प्रत्येकीच्या फ्रिजवर होतं.

१९९० च्या कायद्याने डब्यांवर पोषणाचा तक्ता बंधनकारक झाला, मे १९९४ पासून तो सगळीकडे दिसायला लागला. कोणता शब्द कधी वापरायचा तेही ठरलं. 'रिड्यूस्ड फॅट' म्हणायचं तर मूळ पदार्थापेक्षा निदान २५ टक्के कमी स्निग्धांश हवा. आता परत ते आकडे बघा. सोळाचे पंचवीस टक्के किती? चार. सोळातून चार गेले, बारा. नेमके, मोजून मापून बारा! त्या बरणीची पाककृती कोणी आचाऱ्याने केलेली नाही, ती नियमाच्या कलमावरून मागे मोजत आणलेली आहे.

आणि ती टॉनिकची रांग? तीही एका नियमाची. १९७३ पासून असा नियम आहे की एखाद्या पदार्थाची जागा घेणारा, त्याच्यासारखा दिसणारा दुसरा पदार्थ पोषणात कमी पडत असेल, तर त्यावर 'इमिटेशन', म्हणजे नक्कल, असं छापावं लागतं. दाणे काढले की त्यातलं मॅग्नेशियम, नायसिन, फोलेट हेही कमी होणार. मग ते बाहेरून आणून घालायचे आणि वाटाण्याच्या प्रथिनाने प्रथिनाची भर करायची, म्हणजे 'नक्कल' लिहायला नको. गंमत म्हणजे याच नियमात पुढे स्पष्ट म्हटलंय की कॅलरी किंवा फॅट कमी झाले तर ते पोषण कमी झालं असं धरायचं नाही. दाण्यातलं तेल हे पोषण नव्हेच, असं कायद्यानेच ठरवून टाकलं.

पण तेल तरी कसलं होतं ते? शेंगदाण्याच्या तेलातला साधारण अर्धा भाग ऑलिक ॲसिडचा, म्हणजे ज्याच्यासाठी लोक महागडं ऑलिव्ह ऑइल घेतात तेच. त्यानंतरचा मोठा भाग लिनोलिक. संपृक्त म्हणावं असं पाचवा हिस्साही नाही. तेव्हा सोळा ग्रॅमातले चार गेले त्यात ज्याला आम्ही भीत होतो तो भाग अर्धा-पाऊण ग्रॅम. बाकी सव्वातीन ग्रॅम गेले ते भले लोक. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात, इथे सुकं चिमूटभर आणि ओलंच सगळं जळालं.

आणि आता केलॉगचा पंथ परत येतो. कॅलिफोर्नियात लोमा लिंडा नावाचं गाव आहे, तिथे ॲडव्हेंटिस्टांचं विद्यापीठ. तिथल्या संशोधकांनी आपल्याच पंथाच्या एकतीस हजारांवर लोकांचा अनेक वर्षं मागोवा घेतला. निष्कर्ष आला १९९२ मध्ये: आठवड्यातून चारपेक्षा जास्त वेळा सुका मेवा-दाणे खाणाऱ्यांत हृदयविकाराचं प्रमाण, क्वचितच खाणाऱ्यांच्या तुलनेत, जवळपास निम्मं. त्यात शेंगदाणेही धरले होते. साल बघितलंत? १९९२. ज्या वर्षी तो पिरॅमिड छापला गेला त्याच वर्षी. दादाची अँजिओप्लास्टी व्हायच्या तीन वर्षं आधी. माझ्या फ्रिजवर दोनपैकी एकच आलं.

पुढचं पटकन सांगते. २००० मध्ये सरकारी मार्गदर्शिकेने एकूण फॅटच्या बाबतीत 'कमी' ऐवजी 'माफक' असा शब्द घेतला. २००२ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी ८३ हजारांवर नर्सेसची सोळा वर्षांची माहिती छापली. आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा पीनट बटर खाणाऱ्या बायकांत टाइप-२ मधुमेहाचं प्रमाण एकवीस टक्क्यांनी कमी. (हे वाचून मी उठून पाणी प्यायले.) २००३ मध्ये एफडीएने, दिवसाला दीड औंस दाणे किंवा सुका मेवा खाल्ल्याने हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो असं जपून, अटी घालून लिहायला परवानगी दिली. २००६ मध्ये तर जवळजवळ ४९ हजार बायकांवरचा मोठा प्रयोग जाहीर झाला. कमी फॅटचा आहार आठ वर्षं घेऊनही हृदयविकारात लक्षणीय फरक पडला नव्हता.

यातली नर्सेसची आणि ॲडव्हेंटिस्टांची आकडेवारी निरीक्षणाची आहे, प्रयोगाची नाही. दाणे खाणारे लोक एरवीही बरे वागत असतील, सिगरेट ओढत नसतील. ते सगळं मान्य. पण दाणे खाल्ल्याने हृदय बिघडतं असा पुरावा कुठल्याच बाजूने येईना, हे तर खरं?

नॅचरलची आरती ओवाळायचीही गरज नाही. कॅलरी तिथेही एकशे नव्वदच आहेत आणि चमचा बुडवून गप्पा मारत बसलं तर त्या पाचशे कधी होतात कळत नाही. ज्याचं वजन वाढतंय त्याने कोणत्याही बरणीत बेतानेच चमचा घालावा. रिड्यूस्डच्या बाजूनेही एक वाक्य: वजनाला वजन मोजलं तर त्यात कॅलरी थोड्या कमीच भरतात, शंभर ग्रॅमला ५३० च्या आसपास, इथे ५९०. पण तराजू लावून कोण खातं? सगळे चमच्याने खातात. आणि 'नॅचरल' हा शब्द तर फारच सैल. काही नॅचरल बरण्यांत पाम तेल आणि साखर असते. पाम तेल आपोआप घट्ट राहतं, हायड्रोजनेट करावं लागत नाही. १९७१ च्या नियमात मात्र घट्ट करायला हायड्रोजनेटेड तेलच चालतं, म्हणून या नॅचरल बरणीला 'पीनट बटर' म्हणता येत नाही, तिच्यावरही 'स्प्रेड' लिहावं लागतं! हायड्रोजनेटेडवाली कायद्याने अस्सल आणि नॅचरलवाली नाही. :) तेव्हा बरणीचा दर्शनी भाग वाचू नका. ती फिरवा आणि मागची यादी बघा.

आणखी एक मला माहीत नसलेली गोष्ट. १९८० मध्ये एक छोटा प्रयोग झाला होता, लोकांना अख्खे दाणे, लोणी आणि नुसतं तेल देऊन किती फॅट अंगी लागतं ते बघितलं. अख्ख्या दाण्यातलं काही तेल न पचता बाहेर जातं, लोण्यातलं त्या मानाने लागू पडतं. म्हणजे दळण जितकं बारीक, तितकं अंगी जास्त लागणार. केलॉगच्या दात नसलेल्या पाहुण्यांना हेच हवं होतं. दादाला दात आहेत.

हे सगळं झाल्यावर रविवारी सकाळी वहिनीला फोन लावला. कसं सुरू करावं ते कळेना. मग सरळ सांगून टाकलं, की वहिनी, मी १९९६ मध्ये तुला जे सांगितलं ते चूक होतं. त्या बरणीत दाणे कमी होते आणि गोड जास्त होतं.

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणून आवडायचं होय ह्यांना. मी म्हणते, भाजीतलं कूट बंद केलं तेव्हा आठ दिवस जेवले नाहीत नीट, आणि ते मात्र चमच्याने खातात."

"डॉक्टरांना विचार एकदा, पण कूट घालायला हरकत नसावी असं मला वाटतं. बेताने."

"ते विचारीन. पण ते दुसरं कुठलं म्हणालीस, नॅचरल, त्यात काय असतं?"

"दाणे आणि मीठ."

"भाजलेले?"

"हो."

"साखर नाही, तिखट नाही?"

"नाही."

"अगं, मग ते कूटच की! मिक्सर जरा जास्त वेळ फिरवला की झालं. त्याला काय विमानाने आणायचं?" आणि मग लगेच, "त्या जागेत बदाम आण."

यादीतलं पीनट बटर खोडून बदाम लिहिलेत. दादाला मात्र अजून दोघींपैकी कोणीच सांगितलेलं नाही. त्याच्याकडे शेवटची अर्धी बरणी शिल्लक आहे म्हणे, आणि तो ती पुरवून पुरवून खातोय.